पावसाळी रानात रगडून वापरायची सुरी: पोलाद कोणतं घ्यावं?

रानवाट

नमस्कार मंडळी. आमचा पाच-सहा जणांचा गट जुन्नर, मुळशी, वेल्हे या बाजूला ओळखीच्या शेतकऱ्यांच्या परवानगीने त्यांच्याच रानात मुक्काम करतो. गडावर किंवा अभयारण्यात आम्ही चूल पेटवत नाही, झाड तोडत नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे चर्चा तिकडे वळणार नाही.

सुरीचं काम असं: पडलेलं लाकूड उभं फोडून आतला कोरडा गाभा काढायचा, कारण जून-जुलैत वरचं सगळं चिंब असतं. बांबूच्या मेखा तासायच्या, दोर कापायचे आणि संध्याकाळी त्याच पात्याने कांदा-टोमॅटो चिरायचा. पातं चार ते पाच इंच, हलणारा सांधा नको, म्हणजे घडीची सुरी नको.

गेल्या पावसाळ्यात गटातल्या एकाने डी२ पोलादाची कोरी सुरी आणली होती. बाभळीचा सुका ओंडका फोडताना धारेला खांडे पडले. दुसऱ्याची साध्या कार्बन पोलादाची होती, तिची धार शाबूत राहिली, पण मुक्काम संपेपर्यंत पातं तांबूस झालं. आता मला एक सुरी घ्यायची आहे आणि ती पुढची काही वर्षं नीट वापरायची आहे. वाचायला बसलं की १०९५, ५१६०, १४सी२८एन, ३व्ही, मॅग्नाकट अशी नावंच नावं येतात. आपल्या हवेत, आपल्या लाकडावर, हात न आखडता वापरायला यातलं कोणतं?

भट्टीवाला

भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मित्राच्या सुरीचं जे झालं ते डी२च्या स्वभावानुसारच झालं. त्यात साधारण दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असतं. टूलरूममध्ये आम्ही त्याचे डाय आणि पंच करतो. पत्रा कापून कापून कड झिजू नये, हे त्याचं मुख्य काम. ते काम त्यातले क्रोमियम कार्बाइडचे, म्हणजे क्रोमियम आणि कार्बन मिळून झालेले मोठे, टणक कण करतात. पण डायवर दाब सरळ रेषेत येतो. सुरी ओंडक्यात अडकली की तुम्ही ती डावी-उजवीकडे हलवून सोडवता, तेव्हा बारीक धारेवर आडवा ताण येतो आणि त्या मोठ्या कणांच्या कडेनेच चीर सुरू होते. वर, बारा टक्के क्रोमियम असूनही डी२ गंजतं, कारण त्यातला मोठा हिस्सा कार्बाइडमध्ये अडकलेला असतो. गंज रोखायला पोलादात विरघळलेलं, मोकळं क्रोमियम लागतं.

म्हणजे रगडून वापरायच्या सुरीसाठी आधी बघायचा तो चिवटपणा. धार किती दिवस टिकते हे नंतर. बोथट झालेलं पातं चुलीशेजारी बसून परत पाजवता येतं, तुकडा उडालेलं पातं रानात दुरुस्त होत नाही.

चिवटपणा हवा असेल तर कार्बन ०.६ टक्क्याच्या आसपासचं पोलाद बघा. साध्या पोलादांत ५१६०: सुमारे ०.६ टक्के कार्बन आणि ०.८ टक्के क्रोमियम, गाड्यांच्या स्प्रिंगसाठीच जन्मलेलं. स्टेनलेसमध्ये स्वीडनचं १४सी२८एन: ०.६२ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि थोडा नायट्रोजन. त्यातले कार्बाइडचे कण अतिशय बारीक असतात. लॅरिन थॉमस या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाने सुऱ्यांच्या पोलादांवर आघाताच्या चाचण्या करून आकडे सगळ्यांसाठी खुले केले आहेत. त्यांत ही दोन्ही वरच्या रांगेत आहेत. फार नावाजलेलं १०९५ मात्र त्यांच्या बरंच खाली येतं.

आता माझ्या धंद्याचा मुद्दा. पोलादाचं नाव म्हणजे निम्मी माहिती. ५१६० साधारण ८३० अंशांना तापवून तेलात विझवलं आणि तसंच ठेवलं, तर ते दगडावर पडून फुटू शकतं. तेच पुढे २०० अंशांना दोन-दोन तास दोनदा भाजलं, की कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. हे परत भाजणं, आम्ही टेम्परिंग म्हणतो, ते कुणी कसं केलंय यावर सुरीचं आयुष्य ठरतं. सुरी विकणारा रॉकवेल कडकपणा (पोलाद किती कडक ते सांगणारा आकडा) सांगत नसेल तर विचारा. लाकूड फोडायच्या पात्याला ५६ ते ५९ पुरेसा. ५४च्या खाली धार वळते. साध्या पोलादांत ६१-६२ असेल तर ती सुरी स्वयंपाकघरात ठेवा.

आंबेघाट

भट्टीवाला साहेब, छान लिहिलंत. पण मला एक कळत नाही, लाकूड फोडायला सुरी कशाला? आमच्याकडे राजापूर-लांज्याकडे रानात जाणारा माणूस कमरेला आकडी बांधतो आणि आकडीत कोयती अडकवतो. बांबू, कवळ, करवंदीची जाळी, सुकी फांदी, नारळ, सगळं त्याच पात्याने. सुरीच्या पाठीवर दांडका हाणत बसण्यापेक्षा कोयतीचा एक घाव बरा.

आणि ती बनते कशाची? ट्रकच्या पाट्याची, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीची. लोहार गॅरेजमधून तुटका पाटा आणतो, छिन्नीने पट्टी तोडतो, घणाखाली घडवतो. पाणी देताना अख्खं पातं बुडवत नाही. लाल झालेल्या पात्याची फक्त धारेकडची कड पाण्याला लावतो, पाठ बाहेर. मग बाहेर काढून पटकन दगडाने ती कड घासून उजळ करतो आणि बघत राहतो. पाठीत राहिलेली ऊब हळूहळू धारेकडे सरकते, उजळ भागावर पिवळा रंग चढत येतो. गवती पिवळा धारेपर्यंत पोचला की पुन्हा विझवतो. मोजायला यंत्र नाही, डोळा आहे. माझ्या आजोबांची कोयती आजही वापरात आहे. पातं झिजून अरुंद झालंय, पण कधी खांडा पडलेला मी पाहिला नाही.

भट्टीवाला

आंबेघाट, तुम्ही जे वर्णन केलंत ते शास्त्राला धरूनच आहे. धार कडक, पाठ मऊ, म्हणून घाव पाठ सोसते. पिवळा रंग म्हणजे पृष्ठभाग साधारण २२०-२३० अंशांना पोचल्याची खूण. निळा चढला तर ३००च्या आसपास, मग धार मऊ पडते. म्हणूनच गावातल्या जत्रेत हातग्राइंडर लावून कोयता पाजवून देणाऱ्याकडे जाऊ नका. ठिणग्या उडाल्या आणि कड निळी पडली, की त्या जागेचं पाणी उतरलं असं समजा.

एक सावधगिरी. आपल्याकडच्या पाट्यांत सहसा सिलिकॉन-मँगनीजचं किंवा क्रोम-व्हॅनेडियमचं स्प्रिंग पोलाद असतं. दोन्ही कोयत्याला उत्तम, पण दोघांची तऱ्हा सारखी नाही, पाण्यात विझवताना तडकूही शकतात. आणि पाटा तुटला म्हणूनच तो गॅरेजमध्ये पडलाय. लाखो हिसके खाऊन त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. लोहाराला सांगा, तुटलेल्या जागेपासून लांबचा तुकडा घे. नवा पाटा कापून करायचा म्हटला तर खर्च वाढतो, पण मी तेच करीन.

रानवाट

लोहाराने दिलेलं पातं नीट झालंय की नाही, हे माझ्यासारख्याने घरी कसं ओळखायचं?

भट्टीवाला

चांगली कानस घ्या आणि धारेवरून हलकी फिरवा. कानस सरळ खात गेली तर धार मऊ आहे. पार घसरली आणि काहीच लागलं नाही तर फार कडक, भाजणं राहून गेलंय. किंचित घासली जाते पण जोर लागतो, अशी हवी. नंतर पितळेची गोल सळई धरून धार तिच्यावर तिरकी दाबा, कड जराशी वाकताना दिसेल. दाब काढल्यावर सरळ झाली तर पाणी बरोबर बसलंय. वाकलेलीच राहिली तर मऊ, तुकडा उडाला तर ठिसूळ. डोळ्यावर चष्मा लावूनच हे करा.

बाजारातली सुरी घेताना पात्यापेक्षाही एक जागा नीट बघा: पातं संपून मुठीतली दांडी सुरू होते ती. तिथे काटकोनी खाच असेल तर ताण नेमका तिथे गोळा होतो. मधोमध तुटलेल्या सुऱ्या माझ्याकडे क्वचितच आल्या. बहुतेक याच खाचेपाशी तुटलेल्या असतात. कोपरा गोलाई देऊन काढलेला हवा. पाठीवर करवतीचे दाते असलेल्या सुऱ्या दिसायला रुबाबदार, पण तो प्रत्येक दाता म्हणजे चीर सुरू व्हायची जागा.

सह्यकडा

१०९५ला इतकं खाली ढकलू नका. अमेरिकन सैनिकी सुऱ्यांपासून आजच्या रानातल्या सुऱ्यांपर्यंत कितीतरी पाती त्याचीच आहेत. जाड पातं, रॉकवेल ५५ ते ५७, थोडी बोथट कोनाची धार, असं ठेवलं की ते सगळं सोसतं. आणि ओढ्यातल्या गुळगुळीत दगडावरही त्याला धार येते. स्टेनलेसला ते समाधान नाही. गंजाचं म्हणाल तर वापरून वापरून पातं काळपट होतं आणि तो थर तांबेरा बराचसा रोखतो. हिरडा, बाभूळ यांसारख्या टॅनिनवाल्या (तुरट रसाच्या) लाकडावर चालवलं तर पहिल्याच दिवशी निळसर काळं पडतं. मला तो रंग आवडतो.

मीठभाकर

सह्यकडा दादा, तो रंग मलाही बघायला आवडतो, पण खाण्यात नाही. मी मुलींचे गट घेऊन रानात जाते, स्वयंपाकाचं सगळं माझ्याकडे असतं. कार्बन पोलादाच्या पात्याने कैरी किंवा लिंबू चिरलं की फोडी कडेने काळ्या पडतात आणि लोखंडाची चव येते. कोकमाचं तर विचारूच नका. काळपट थर जमायला कोरडी हवा आणि नियमित वापर लागतो. आषाढात तंबूतला कपडा चार-चार दिवस वाळत नाही, तिथे थर जमायच्या आधी तांबेरा येतो. किनाऱ्यावर, गुहागर-हर्णैकडे तर हवेतच मीठ असतं.

कातडी म्यान हे पावसात गंजाचं मुख्य कारण आहे, हेही सांगते. कातडं ओल धरून ठेवतं आणि पातं रात्रभर त्यात. खाली पाणी निथळायला भोक असलेलं प्लॅस्टिकचं म्यान घ्या. रात्री पातं धुऊन, चुलीच्या उबेला धरून कोरडं करा आणि बोटभर खोबरेल चोळा. शिलाई मशीनचं तेल लावू नका, सकाळी त्याच पात्याने भाजी चिरायची असते.

रानवाट, तुमच्या यादीत रोजचं काम मेखा, दोर आणि भाजी हे आहे. लाकूड फोडणं अधूनमधून. तेव्हा माझं मत स्वच्छ १४सी२८एनला. मी मोरा गावातल्या स्वीडिश कारखान्याची १२सी२७ची स्वस्त सुरी वापरते. पातं अडीच मिलीमीटरचं आणि दांडी मुठीत पूर्ण जात नाही, म्हणून ओंडके फोडायला ती देत नाही. पण त्याच कारखान्याची १४सी२८एनची, ३.२ मिलीमीटर जाडीची, दांडी मुठीच्या टोकापर्यंत गेलेली सुरी मिळते. तुमच्या कामाला ती बसेल.

सह्यकडा

ताई, म्यानाचं अगदी पटलं. कैरीचंही. पण १४सी२८एनला धार लावायला खास दगड लागतो ना?

मीठभाकर

नाही हो. ज्या दोन बाजूंच्या साध्या दगडावर तुम्ही १०९५ पाजवता त्यावरच होतं. खास हिऱ्याची पट्टी लागते ती एस३०व्ही वगैरेंना.

भट्टीवाला

ताईंचं बरोबर आहे, कारणही सांगतो. एस३०व्हीत चार टक्के व्हॅनेडियम असतं. व्हॅनेडियमचे कार्बाइड साध्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही टणक, म्हणून दगड आजूबाजूचं पोलाद घासतो आणि ते कण तसेच राहतात. धार खूप टिकते हे खरं, पण रानात बोथट झाली तर अडचण. १४सी२८एनमध्ये असं काही नाही.

उत्तरवारा

मिनेसोटात राहतो. इथल्या बाउंडरी वॉटर्स भागात होडीतून मुक्कामाला जातो, हिवाळ्यात बर्फावरही. थंडीचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो. उणे वीसच्या खाली पोलाद जास्त ठिसूळ वागतं आणि गोठलेलं लाकूड दगडाइतकं कठीण होतं. इथले जुने लोक कुऱ्हाड वापरण्याआधी पातं हाताने किंवा शेकोटीपासून लांब धरून थोडं उबवतात. लडाख-स्पितीला हिवाळ्यात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

माझ्याकडे ३व्ही आहे. पावडर पद्धतीने बनवलेलं पोलाद: वितळलेल्या धातूचा फवारा उडवून त्याची पूड करतात आणि ती पूड उष्णतेने व दाबाने एकजीव करतात, त्यामुळे कार्बाइड बारीक आणि सारखे पसरलेले राहतात. ०.८ टक्के कार्बन, साडेसात टक्के क्रोमियम, पावणेतीन टक्के व्हॅनेडियम. चिवट आहे, धारही टिकते. पण स्टेनलेस नाही, कोकणात त्याला ठिपक्यांचा गंज येईल. तो प्रश्न सोडवायचा प्रयत्न म्हणजे मॅग्नाकट. भट्टीवाला साहेबांनी ज्यांचं नाव घेतलं त्या थॉमस यांनीच ते रचलं, २०२१मध्ये बाजारात आलं. त्यात क्रोमियम जेमतेम पावणेअकरा टक्के आहे, पण ते कार्बाइडमध्ये अडकत नाही, म्हणून गंज रोखायला पुरतं. दर मात्र चढा आणि पुन्हा हिऱ्याची पट्टी आली.

खरं सांगायचं तर रानवाट यांच्या कामासाठी मी हे दोन्ही सुचवणार नाही. त्या पैशात १४सी२८एनची सुरी, लोहाराची कोयती आणि एक चांगला दगड, तिन्ही येतील.

पायवाट_४२

नेपाळला गेलो होतो तेव्हा खुकरी बनताना पाहिली. तिथेही गाडीचा पाटाच, पण पाणी द्यायची रीत वेगळी. कारागीर लाल पातं धार वर करून धरतो आणि किटलीतून पाण्याची बारीक धार पात्याच्या कडेवर, जिथे हवी तिथेच सोडतो. मधल्या पोटाला जास्त, टोकाला आणि मुठीजवळ कमी. आंबेघाट यांनी सांगितलं तेच तत्त्व. पाठ मऊ राहते.

काळा_कोट

एक कायद्याचं बघून ठेवा. शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालच्या नियमांनुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेतीची, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. कोयता शेतीचं अवजार आहे, पण तो शेतात आहे की मध्यरात्री दुचाकीच्या डिकीत, यावर पोलिसांचा प्रश्न ठरतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली एखाद्या भागात मनाई आदेश लागू असेल तर छोटी सुरी बाळगणंही अंगाशी येऊ शकतं, म्हणून सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या दिवसांत निघण्याआधी चौकशी करा. प्रवासात पातं म्यानात, म्यान कापडात, कापड पिशवीच्या तळाशी. कमरेला लावून एसटीत चढू नका.

रानवाट

काळा_कोट, हे फार उपयोगाचं. सगळ्यांचेच आभार.

धारेच्या कोनाबद्दल शेवटची शंका. दुकानातून येणाऱ्या सुरीला जो कोन असतो तोच ठेवायचा का?

भट्टीवाला

लाकडाची सुरी असेल तर जरा बदला. स्वीडिश सुऱ्यांची धार सपाट, एकाच उताराची असते, दोन्ही बाजू मिळून पंचवीस अंशांच्या आसपास. मेखा तासायला झकास. पण सुका बांबू आणि बाभूळ यांवर तिचं अगदी टोक वळतं. बांबूच्या सालीत सिलिका असते, ती धार खातेच. म्हणून मूळ उतार तसाच ठेवून अगदी शेवटच्या कडेला दगडावर प्रत्येक बाजूने वीस अंशांनी चार-पाच हलके हात मारा. केसाइतकी कड तयार होते, ती जास्त दम धरते. कोयतीला त्याहून जाड, प्रत्येक बाजूने पंचवीसपर्यंत, आणि उतार सपाट न ठेवता पोट किंचित फुगीर. फुगीर पोट लाकडात रुतून बसत नाही, फोड बाजूला सारतं.

लाकूड फोडतानाचा नियमही सांगतो, कारण चांगलं पोलादही यावर तुटतं. ओंडका मनगटाहून जाड घेऊ नका. गाठ असलेला घेऊ नका. पातं आडवं ठेवून मारताना दांडका लाकडाचाच हवा, दगड किंवा लोखंड नको. टोक ओंडक्याच्या बाहेर तीन-चार बोटं राहिलं पाहिजे. अडकलं तर मूठ पिळू नका, त्याच चिरेत लाकडाची पाचर ठोका.

रानवाट

ठरलं. सुरी १४सी२८एनची, ३.२ मिलीमीटरची, दांडी शेवटपर्यंत गेलेली. जड काम कोयतीला. आंबेघाट, गणपतीत गावी असाल तर तुमच्या लोहाराकडे यायची इच्छा आहे. माप काय सांगू?

आंबेघाट

या की, नक्की या. पातं दहा इंच सांगा, पाठ मुठीजवळ सहा मिलीमीटर आणि टोकाकडे चारपर्यंत उतरती. टोकाला आकडा थोडाच ठेवा. जास्त वळवला तर फांदी ओढायला सोयीचा पडतो, पण ओंडका फोडताना आड येतो. दांडी मुठीतून आरपार काढून मागे ठोकून वळवायला सांगा, म्हणजे मूठ सैल होत नाही. पाटा मी नवीनच आणून ठेवतो, भट्टीवाला साहेब म्हणतात तसा. एक दिवस हाताशी ठेवून या. पाणी संध्याकाळी देतात. उन्हात लाल रंगाचा अंदाज येत नाही.